गोदामातली व्याख्यानमाला

गुरुवार, ५ सप्टेंबर. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. ही मात्र कुणी वाचायची नाही, म्हणून गव्हाच्या कोठीमागे ठेवणार.
संकल्प: गोधडी मंडळाला शिस्त लावणे. पंधरा दिवसांनी एक बाहेरचा वक्ता. चहात साखर अर्धा चमचा.

मंडळ म्हणजे दर गुरुवारी दुपारी आमच्या आडतीच्या जुन्या गोदामात जमणाऱ्या चौदा बाया. फाटकी लुगडी आणतात, थरावर थर अंथरतात, चारी बाजूंनी मांडी घालून बसतात आणि गोधडी शिवता शिवता नांदुऱ्यातल्या समस्त सुनांची उणीदुणी काढतात. गोदाम आमच्या यांचं, म्हणजे आमचं, म्हणून कार्यवाह मी. शिवाय अर्ज-बिर्ज लिहिण्याइतकं शुद्ध मराठी तिथे दुसऱ्या कुणाला येत नाही.

गेल्या महिन्यात मोबाइलवर अमेरिकेतल्या बायांचा व्हिडिओ पाहिला. तिकडे याला क्विल्ट गिल्ड म्हणतात. दर महिन्याला गेस्ट स्पीकर येतो, वर्कशॉप होतं, बाया वहीत टिपणं काढतात. मी लगेच आपलं नाव बदलून 'नांदुरा क्विल्ट गिल्ड' केलं. रबरी शिक्काही करून आणला. गेल्या गुरुवारी दाखवला. कलाबाईने विचारलं, "शिक्का मारला का गोदडी जास्त ऊब देते काय?" सगळ्या हसल्या. अशा लोकांत मला काम करायचं आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४
साखर दोन चमचे. शिक्षकदिन होता, अपवाद.

शुक्रवार, ६ सप्टेंबर
खरं कारण लिहूनच टाकते. जानेवारीत बुलढाण्याला जिल्ह्याचा हस्तकला मेळावा आहे. त्यात गोधडीचं वर्कशॉप घ्यायला एक 'मुख्य मार्गदर्शक' हवी आहे. फ्लेक्सवर फोटो, स्टेजवर नाव. माझ्या जावेचं बुलढाण्यातलं घर मेळाव्याच्याच रस्त्यावर आहे. तिला रोज जाता-येता दिसेल. मी अर्ज केला. नमुना म्हणून 'माझी' गोधडी दाखवणार, २०१६ साली खामगावच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालेली.

'माझी' ला अवतरणचिन्हं का दिली मी? काही गरज नव्हती. टाके जनकाबाईने घातले हे खरं. पण टाके घालणं म्हणजे मजुरी. जांभळ्याशेजारी पिवळा घ्या हे कुणी सांगितलं? मी. ताजमहाल कुणी बांधला विचारलं तर गवंड्याचं नाव कुणी सांगतं का?

आणि जनकाबाईला आता आठवतही नसेल. सत्तरी ओलांडली. एका डोळ्यात मोतीबिंदू. डावखोरी. सही येत नाही, अंगठा देते, आणि तो अंगठाही कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये चेमटलेला. त्या चेमटलेल्या अंगठ्याने ती बाई सुई कशी धरते हे मी कधी नीट पाहिलं नाही. पाहण्यासारखं काय आहे त्यात.

गुरुवार, १९ सप्टेंबर
पहिलं व्याख्यान. वक्ते: बुलढाण्याचे एक निवृत्त प्राध्यापक. विषय: 'गोधडी आणि समष्टीची जाणीव.' मी स्वतः फोन करून ठरवलेलं.

अडचण अशी झाली की सकाळीच बायांनी मोठी गोधडी अंथरली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी म्हटलं उचला, टेबल-खुर्ची ठेवायची आहे. जनकाबाई म्हणाली, "अंथरली का उचलता येत नाई, भामाबाई. थर सरकतेत." मला मॅडम म्हणायचं ठरलं आहे, ठराव क्रमांक दोन, पण तिच्या तोंडून भामाबाईच निघतं. शेवटी प्राध्यापकांची खुर्ची दाराच्या उंबऱ्यावर. अर्धे आत, अर्धे उन्हात.

पावणेदोन तास बोलले. बायांनी एकदाही मान वर केली नाही. एक टिपण नाही, एक प्रश्न नाही. शिवत होत्या नुसत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर गेल्यावर मी चांगलंच फैलावर घेतलं सगळ्यांना. तर बेबीताई म्हणते, त्या सरांना पुन्हा बोलवा. मी म्हटलं आवडलं का? म्हणे, "समजलं कायी नाई, पन त्याहीच्या आवाजात हात लय मस्त चालते. आमची पुरी एक बाजू झाली."

आकाशवाणी समजल्या त्या माणसाला.

गुरुवार, ३ ऑक्टोबर
दुसरं व्याख्यान. आज घटस्थापना, पण व्याख्यानमालेला सुट्टी नाही. वक्ता: ऋत्विक, माझ्या भावाचा मुलगा. पुण्याला डिझाइनचा कोर्स केला. विषय: 'कलर थिअरी'. प्रोजेक्टर आणलेला. भिंतीवर रंगांचं मोठं चाक. कोणत्या रंगासमोर कोणता रंग, कोण कुणाचा शत्रू, सगळं शास्त्रशुद्ध. मी पहिल्या रांगेत मान डोलवत होते. पहिली रांग म्हणजे मीच.

ऋत्विकने विचारलं, तुम्ही रंगाची निवड कशी करता? कलाबाईने उत्तर दिलं, "ज्या रंगाचं लुगडं फाटलं, तो रंग." मुलाने पुढची स्लाइड लावली. मग लाइट गेले आणि चाकही गेलं. उरलेला वेळ तो गोधडीवर पालथा पडून बायांकडून धावदोरा शिकला. पुण्याला एवढा पैसा घालून शेवटी धावदोरा.

जाताना मला म्हणतो, "आत्या, तू पण बस ना शिवायला." मी म्हटलं, मला मागे बसून सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. जहाजाचा कप्तान काही वल्ही मारत नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
उपस्थिती: तीन. बाकीच्या शेतात सोयाबीन सोंगायला. व्याख्यानमालेचं वेळापत्रक मी सप्टेंबरमध्येच भिंतीवर लावलं होतं. सोयाबीनला ते वाचता येत नाही, असं दिसतं.

वक्ता: शेखर, खामगावचा शिलाई मशीनवाला. 'हाताचे श्रम वाचवा' असं प्रात्यक्षिक. मला मनापासून पटलेला विषय. मशीन चांगलं होतं. गोधडीचे पाच थर त्याच्या तोंडात घातले, दोन टाके पडले आणि सुई मोडली. दुसरी लावली. तीही मोडली. तिसरीच्या वेळी शेखर म्हणाला की ताई, कापड ओलं आहे. कापड ओलं नव्हतं. शेखरचा शर्ट ओला होता.

जनकाबाईने मोडकी सुई गोधडीतून शोधून काढली. अर्धा तास लागला. म्हणाली, कुण्या लेकराच्या पाठीत गेली असती. शेखरला तिने स्वतःच्या डब्यातली भाकर दिली. मला हे अजिबात आवडलं नाही. पाहुण्याचं आदरातिथ्य हे कार्यवाहाचं काम आहे.

मंगळवार, २९ ऑक्टोबर
दिवाळी. चकली जमली नाही. तेल खराब होतं. साखरेचा संकल्प पाडव्यापासून नव्याने.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
बुलढाण्याहून फोन. अर्ज पहिल्या फेरीत पास! डिसेंबरात एक तज्ज्ञ बाई इथे येऊन काम बघणार आणि मार्गदर्शक ठरवणार. यांना सांगितलं. हे हिशेबाची चिठ्ठी वाचत "हाव का? बढिया," म्हणाले. कापसाचा सीझन. या दिवसांत घर जळालं तरी हे बढियाच म्हणतील.

गिल्डमध्ये जाहीर केलं. टाळ्या अपेक्षित होत्या. सगळ्या जनकाबाईकडे बघायला लागल्या. जनकाबाई दोरा ओवत होती. मग कलाबाई म्हणाली, "चांगलं झालं. जा तुमी." अभिनंदन असं असतं का? मत्सर. दुसरं काय.

रविवार, १७ नोव्हेंबर. दुपारी ३
मार्गदर्शकाला दोन टाके तरी दाखवावे लागतील असं मनात आलं. शिवता येत नाही असं नाही. कधी वेळ मिळाला नाही. लग्नाआधी आई शिवायची, लग्नानंतर सासूबाई, त्यानंतर जनकाबाई. तिन्ही वेळा मी देखरेख केली आहे. चाळीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हाच.

दार लावून बसले. सुई, दोरा, जुन्या चादरीचे दोन तुकडे.

३.४०
दोरा ओवला जात नाही. सुईचं नाकच लहान आहे. हल्ली कंपन्या काहीही विकतात.

४.१५
ओवला. बोटात टोचलं. चादरीला रक्त लागलं.

४.३०
थांबते. तज्ज्ञाने मूलभूत गोष्टींत वेळ घालवू नये.

गुरुवार, २८ नोव्हेंबर
पत्र आलं. तज्ज्ञ: धम्मशीलाबाई, मुक्काम बीबी, तालुका लोणार. वीस वर्षं गावोगाव फिरून जुन्या गोधड्या बघतात म्हणे. मला वाटलं होतं मुंबईहून कुणी येईल. बीबीहून! पण असो. गावाकडची बाई म्हणजे सोपं आहे. शाल, श्रीफळ, भरपूर जेवण आणि माझं प्रास्ताविक ऐकलं की संपलं.
तारीख: १२ डिसेंबर.

मंगळवार, १० डिसेंबर
योजना तयार. उजव्या हाताला बँडेज बांधायचं. कारण विचारलं तर जिन्यावरून पाय घसरला. म्हणजे 'टाके घालून दाखवा' हा प्रश्नच मिटला. आमच्याकडे जिना नाही, गच्चीवर जायला शिडी आहे. शिडी म्हणेन.

बुधवार, ११ डिसेंबर
बँडेज बांधून पाहिलं. पोळ्या यांना कराव्या लागल्या. एकूण चार झाल्या, पैकी दोन खाण्याजोग्या. ही योजना आधीच सुचायला हवी होती.

गुरुवार, १२ डिसेंबर. सकाळी ९
आजचा दिवस. जांभळी रेशमी साडी. बक्षिसाची गोधडी काढून ऊन दाखवलं. गोदामाच्या दारावर बॅनर: 'नांदुरा क्विल्ट गिल्ड आपले स्वागत करीत आहे'. प्रास्ताविक अकरा पानं. बायांना ताकीद दिली आहे की पाहुणीसमोर कुणाच्याही सुनेचा विषय काढायचा नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जे झालं ते क्रमाने लिहिते. क्रम लागला की माणसाला बरं वाटतं असं म्हणतात.

धम्मशीलाबाई दोन एसट्या बदलून आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, पायात साधी चप्पल. मी स्टेशनकडे गाडी पाठवली होती, त्या बसस्टँडवरून चालत आल्या. चप्पल दारात काढली आणि थेट अंथरलेल्या गोधडीवर बायांमध्ये जाऊन बसल्या. खुर्ची तशीच. प्रास्ताविकाच्या दुसऱ्या पानावर त्या म्हणाल्या, "ताई, आपन शिवता शिवता बोलू, चालते ना?" नऊ पानं वाया गेली.

बाया खुलल्या. ताकीद विसरल्या. पाहुणीलाही सून निघाली.

मग मी बक्षिसाची गोधडी पुढे केली. हे माझं काम, म्हटलं. धम्मशीलाबाईंनी ती मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. मला वाटलं प्रवासाने झोप आली. तर त्या टाक्यांवरून बोटं फिरवत होत्या, वाणी धान्य बघतो तशी. चौदा सुया थांबल्या. माझ्या कुठल्याही व्याख्यानाला त्या थांबल्या नव्हत्या.

म्हणाल्या, "अक्षर असते ना मानसाचं, तसा टाका असते. या बाईचा हात डावा हाये."

मी क्षणभरही वाया घालवला नाही. म्हटलं, हो, मी डावखोरीच आहे!

असं वेळेवर सुचणं सगळ्यांना जमत नाही. मी स्वतःवर खूश होते. साधारण चार सेकंद. मग धम्मशीलाबाईंनी माझ्या उजव्या हाताच्या बँडेजकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं मंग, डावा मोकळा हाये." आणि दोरा ओवलेली सुई माझ्या डाव्या हातात दिली.

चौदा बाया बघत होत्या. पळायला जागा नव्हती, दारापर्यंत गोधडी होती. बसले. काठ मांडीवर ओढून घेतला आणि शिवायला लागले. खरं सांगायचं तर पाच-सात टाक्यांनंतर बरं वाटायला लागलं. सुई जात होती, येत होती. मी वर मान करून म्हटलं, हात दुखतोय म्हणून थोडं वाकडं होतंय. आणखी दोन ओळी घातल्या. वाटलं, एवढंसंच असतं तर हे, याचं इतकं कौतुक कशाला! झालं म्हटलं आणि ऐटीत उठले.

गोधडीही उठली.

मी साडी शिवून टाकली होती. निऱ्या, मांडीवरचा सगळा घेर, आतल्या परकरासकट, पाचही थरांना. गोधडीवर कलाबाई बसली होती, ती हातभर पुढे ओढली गेली. मला उभंही राहता येईना आणि बसताही येईना.

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रागावले असते, बाहेर निघून गेले असते. पण एकही हसली नाही. जनकाबाई सरकत सरकत माझ्या पायाशी आली, मला हाताने खाली बसवलं, आणि त्या चेमटलेल्या अंगठ्याच्या नखाने एकेक टाका उसवायला लागली. साडीला एक भोक पडू दिलं नाही. उसवता उसवता म्हणाली, "होते असं. पयल्यांदा सर्वायचंच होते. मी त माह्या मायचं लुगडं शिवलं होतं."

धम्मशीलाबाई तिच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. मग वहीत काहीतरी लिहिलं. शाल मी दिली. श्रीफळ द्यायचं राहून गेलं.

शुक्रवार, १३ डिसेंबर
कारणं:
रेशमी साडी. निसरडी. सुती असती तर असं झालं नसतं.
डाव्या हाताची सवय नाही. उजवा मोकळा असता तर चित्र वेगळं असतं.
प्रास्ताविक पूर्ण वाचू दिलं नाही, त्यामुळे लय बिघडली.
वक्त्यांची निवड. त्या प्राध्यापकांनाच परत बोलवलं असतं तर दुपार शांततेत गेली असती.

बाकी एक शब्द डोक्यातून जात नाही. 'पयल्यांदा.' पहिल्यांदा म्हणजे काय? बक्षिसाची गोधडी तर आठ वर्षांपूर्वीची. जनकाबाई म्हातारी झाली, बोलायचं काही भान नाही, असं धरून चालते.

गुरुवार, १९ डिसेंबर
गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगून चावी पाठवली. दुपारी घरात बसून खिडकीतून गोदामाचं दार बघत होते. तेरा-चौदा जोड चपला बाहेर. हसण्याचा आवाज आला. माझ्यावरच हसत असणार.

पाच वाजता कलाबाई चावी द्यायला आली. दारातून परत पाठवायची होती, पण तोंडातून 'चहा घ्या' निघून गेलं. मी विचारलं, आज कुणावर हसत होता? म्हणे, "बेबीताईच्या सुनंवर." मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं. म्हटलं, ती बक्षिसाची गोधडी, तुम्हाला माहीत होतं?

कलाबाईने बशीत चहा ओतला. फुंकर मारली. म्हणाली, "हाव ना. खामगावहून आनली त्याच दिवशी. जनकाबाईचा हात लपते काय? आमाले त गोदडी पाहिली का बाई दिसते."

सगळ्यांना?

"सर्वायले."

मग आठ वर्षं कुणी बोललं कसं नाही, म्हटलं. गोदाम आमचं म्हणून का? अर्ज मी लिहिते म्हणून?

कलाबाईने विचार केला. खोटं बोलायचं तिला सुचलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "गोदामाचं हाय थोडं, खोटं काऊन बोलू. पन जनकाबाईच म्हने का राहू द्या. भामाबाईले सुई हाती घ्यायची लाज वाटून राह्यली, घेईन कधी त." चहा संपवला. "आमी वाट पाहून राह्यलो होतो तुमची."

कप आत नेला. धुतला. परत धुतला.

लाज वाटते आहे. लिहून ठेवते, इथे कुणी वाचत नाही. चौदा जणींनी आठ वर्षं माझं झाकलं आणि मी आठ वर्षं त्यांना शिस्त लावत होते.

शनिवार, २१ डिसेंबर
परवाचं शेवटचं वाक्य खोडायला वही काढली. पेन चालेना.

गुरुवार, २ जानेवारी
बुलढाण्याहून पत्र. मुख्य मार्गदर्शक: श्रीमती जनकाबाई. अपेक्षितच होतं. धम्मशीलाबाईंना ग्रामीण चेहरा हवा असणार. हल्ली तसंच चालतं.

जनकाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी कायी जात नाई. मले बोलता येत नाई." पाच मिनिटं मनात लाडू फुटत होते. मग बेबीताईने दटावलं, कलाबाईने दटावलं, आणि ती तयार झाली. फक्त सोबत परिचय पाठवायचा होता आणि तिला लिहिता येत नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

फॉर्म घरी आणला. नाव. गाव. अनुभव: साठ वर्षे. पुढचा रकाना 'मिळालेली पारितोषिके'. तिथे अर्धा तास बसले. हे जेवायला बोलावत होते.

लिहिलं: प्रथम पारितोषिक, खामगाव, २०१६.
रकाना रिकामा ठेवला असता तर फॉर्म बरा दिसला नसता. कार्यवाह या नात्याने फॉर्म नीटनेटका ठेवणं माझं काम आहे. यात दुसरं काही नाही.

गुरुवार, ९ जानेवारी
मेळावा. सगळ्या जीप करून गेल्या. मी घरी, कारण खांदा. खांदा खरंच दुखत होता, थोडा.

बेबीताईने व्हिडिओ पाठवला. फ्लेक्सवर जनकाबाईचा फोटो. डोळे मिटलेले, असे फोटो कोण निवडतं! माइक दिला तर तिने तो शेजारणीच्या हातात दिला आणि खाली बसून शिवायला लागली. बोलली एकूण चार वाक्यं. त्यातलं एक: "शिवताना मांडीवरचं लुगडं सांभाळजा, नाई त गोदडीसंगं घरी जासान." लोक खूप हसले. माझं नाव घेतलं नाही तिने. घेतलं असतं तरी कुणी काय केलं असतं.

व्हिडिओ सहा वेळा पाहिला. रेकॉर्डिंग सुमार.

गुरुवार, १६ जानेवारी. संध्याकाळी ६
गिल्डचं या वर्षीचं पहिलं वर्कशॉप: नवशिक्यांसाठी धावदोरा. मार्गदर्शक: जनकाबाई. नावनोंदणी मी केली:
१. समीक्षा, सातवी ब.
२. प्राची, सहावी.
३. सत्यभामा शालिग्राम, कार्यवाह.

बँडेज नाही. सुती साडी. जनकाबाईने शेजारी बसवलं आणि म्हणाली, पाहू नका, हाताले समजू द्या. प्राचीने माझा दोरा ओवून दिला. समीक्षाने मला दोनदा दुरुस्त केलं. आजकालच्या मुलांना मोठ्यांशी कसं बोलावं ते शिकवतच नाहीत. तीन तासांत हातभर लांब-रुंद तुकडा तयार झाला. पहिला टाका ते शेवटचा टाका, सगळे माझे. साडी मोकळी. उठण्याआधी तीनदा तपासलं.

जनकाबाईने तुकड्यावरून बोटं फिरवली. बराच वेळ फिरवली. मला अगदी बोर्डाच्या परीक्षेसारखं झालं. म्हणाली, "पायपुसनं होईन."

घरी आणून दारात टाकलं. आतबाहेर करत राहिले. हे सव्वापाचला आडतीवरून आले, दारात थबकले. कापूस ओसरला, त्यामुळे आता यांना घर दिसतं. म्हणाले, "हे वाकडंतिकडं कोनं शिवलं व?"

मी म्हटलं, मी. शांतपणे म्हटलं.

हे हसले. अगदी मनापासून, मायेने हसले. खामगावच्या बक्षिसाला हेच तर गावभर पेढे वाटत फिरले होते. चौदा बायांना माहीत होतं ते या एका माणसाला आठ वर्षांत कळलं नाही. म्हणाले, "काई बी सांगतं. तुहा हात मी ओळखत नाई काय?"

आणि त्यावर पाय पुसून आत गेले.